मीटरच्या पुढे होणारी चोरी आणि कायद्याने न पाहिलेला शेजारी

वीजचोरी म्हटले की आपल्याला रस्त्यावरच्या तारेवर टाकलेला आकडा आठवतो, महावितरणचे भरारी पथक आठवते आणि अमुक लाखांची चोरी उघडकीस आल्याची बातमी आठवते. या सर्व प्रकारांत नुकसान होते ते वीज कंपनीचे. मात्र जुन्या वाड्यांत, चाळींत आणि जिन्याखालच्या एकाच मीटरपेटीतून अनेक बिऱ्हाडांना वीज जाते अशा इमारतींत चोरीचा आणखी एक प्रकार चालतो, ज्यात शेजाऱ्याच्या मीटरमधून बाहेर पडलेल्या वायरला गुपचूप जोड दिला जातो आणि एका घरचा गिझर दुसऱ्या घरच्या बिलावर तापतो. कंपनीला प्रत्येक युनिटचे पैसे मिळत असल्यामुळे तिची कोणतीही तक्रार नसते. ज्याचे पैसे जातात त्या ग्राहकाने मात्र कोणत्या कायद्याचे दार ठोठवावे, याचे सरळ उत्तर आजही मिळत नाही. ही उणीव संसदेने दूर करावी असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर मांडत आहे.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. दोन दिवे, एक पंखा, एक फ्रिज आणि संध्याकाळी थोडा वेळ टीव्ही एवढ्या वापरावर त्यांचे बिल हळूहळू दुपटीच्या पुढे गेले. त्यांनी मीटर सदोष असल्याची तक्रार केली, तेव्हा मीटर तपासून तो अचूक असल्याचे त्यांना लेखी कळवण्यात आले. मीटर खरोखरच अचूक होता, कारण चोरी त्याच्या पुढे होत होती. मीटरपेटी आणि त्यांच्या दाराजवळचा मेन स्विच यांमधल्या वायरीला भिंतीच्या पट्टीखालून जोड दिलेला होता आणि तो एका वायरमनने रंगकाम चालू असताना पाहिला. पोलीस ठाण्यात त्यांना वीज कंपनीकडे जाण्यास सांगितले गेले, तर कंपनीच्या कार्यालयात हा तुमचा आपसातला वाद आहे असे ऐकवले गेले. दोन्ही ठिकाणच्या माणसांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही, कारण कायद्याची रचनाच त्यांना असे बोलण्यास मोकळीक देते.

विद्युत कायदा २००३ मधील कलम १३५ कंपनीची वीज चोरणाऱ्यांच्या बाबतीत अत्यंत कडक आहे. परवानाधारकाच्या, म्हणजे वीज पुरवण्याचा परवाना असलेल्या कंपनीच्या, तारांना किंवा सर्व्हिस वायरला (तारांपासून मीटरपर्यंत येणाऱ्या वायरला) जोड देणे, मीटरमध्ये फेरफार करणे, मीटरचे नुकसान करणे या कृत्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पहिल्या दोषसिद्धीत दंड हा चोराला झालेल्या आर्थिक लाभाच्या तिपटीहून कमी असू शकत नाही आणि त्यानंतरच्या दोषसिद्धीत तो सहापटीहून कमी असू शकत नाही. वापरलेला भार १० किलोवॅटपेक्षा अधिक असेल, तर दुसऱ्या दोषसिद्धीत किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद होते. चोरी सापडताच कंपनी पुरवठा तोडू शकते आणि त्यानंतर २४ तासांच्या आत तिने पोलिसांकडे लेखी तक्रार करणे बंधनकारक आहे. २००७ च्या दुरुस्तीनंतर हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र झाला असून तो चालवण्यासाठी विशेष न्यायालयांची तरतूद आहे. चोरीस साहाय्य करणाऱ्यासाठी कलम १५० आहे आणि त्याच्या कक्षेत कंपनीचा संगनमत करणारा कर्मचारीसुद्धा येतो.

एवढी तपशीलवार रचना असूनही कलम १३५ मधील शब्दयोजना परवानाधारकाच्या किंवा पुरवठादाराच्या तारा आणि मीटर यांच्याभोवती बांधलेली आहे. मीटरच्या पुढची वायर ग्राहकाची असते. तिच्यावरची चोरी या कलमात बसते असा युक्तिवाद करता येईल, पण कलमाच्या शब्दांतून तो सहज निघत नाही. कलम १५४ मध्ये विशेष न्यायालयाने दिवाणी दायित्व ठरवताना परवानाधारकाबरोबरच 'संबंधित व्यक्ती'चे नुकसानही विचारात घेण्याची सोय दिसते, परंतु त्यासाठी आधी गुन्हा याच कायद्याखाली नोंदला जावा लागतो आणि घोडे अडते ते तेथेच. गुन्हा नोंदला गेला तरी तो कलम १५२ प्रमाणे पैसे भरून एकदा मिटवता येतो. या कलमातील मूळ तक्त्यात घरगुती वापरासारख्या इतर सेवांसाठी ही रक्कम प्रति किलोवॅट ४,००० रुपये ठेवलेली आहे आणि त्यातील एक रुपयाही पीडित शेजाऱ्याला द्यावा असे हे कलम सांगत नाही.

मग साधा चोरीचा गुन्हा का नोंदवू नये, असे कोणीही विचारेल. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने अवतारसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात असे स्पष्ट केले की, विजेचा अप्रामाणिक उपसा केवळ भारतीय दंड संहितेखाली चोरी ठरत नव्हता. १९१० च्या विद्युत कायद्याच्या कलम ३९ मुळे तो चोरी मानला जात होता. तो कायदा २००३ मध्ये रद्द झाला. चोरी जंगम मालमत्तेचीच होते आणि दंड संहितेतील तिची व्याख्याही मूर्त, म्हणजे हात लावता येईल अशा, वस्तूंपुरती होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र या व्याख्येतील 'मूर्त' ही अट गळली आहे. या बदलाची चर्चा मला कोठेच पुरेशी झालेली दिसत नाही. नव्या संहितेच्या कलम ३०३ खाली शेजाऱ्याची वीज पळवणे ही चोरी ठरवण्याचा मार्ग त्यामुळे पूर्वीपेक्षा मोकळा झाला आहे, असे मला वाटते. तरीही तेथे दुसरा अडथळा उभा राहतो. चोरीच्या मालाचे मूल्य ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र राहतो आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. महिन्याला पाचसातशे रुपयांची वीज चोरणाऱ्याविरुद्ध हा उंबरठा ओलांडायचा म्हणजे अनेक महिन्यांचा हिशेब पुराव्यासह मांडावा लागतो.

पाण्याशी तुलना केली की हा भेद अधिक ठळक होतो. पिण्याच्या किंवा शेतीच्या पाण्याचा पुरवठा घटेल अशी आगळीक जाणीवपूर्वक करणाऱ्यास जुन्या संहितेच्या कलम ४३० खाली पाच वर्षांपर्यंत कैद होती आणि नव्या संहितेच्या कलम ३२६ मध्ये ती कायम आहे. तेथे पाणी कोणाच्या मालकीचे होते याची उठाठेव न करता ते कोणाला कमी पडले याकडे पाहिले जाते. विजेच्या बाबतीतही कायद्याची नजर अशीच असायला हवी होती.

झळ किती बसते हेही समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिली १०० युनिट स्वस्त, त्यानंतर १०१ ते ३०० चा टप्पा त्याहून बराच महाग, आणि पुढे ३०१ ते ५०० व ५०० च्या वर आणखी दोन टप्पे. ज्या ग्राहकाचा स्वतःचा वापर ९० युनिट आहे, त्याच्या मीटरवरून ८० युनिट चोरली गेली, तर त्यातील ७० युनिट वरच्या दराने आकारली जातात आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. म्हणजे चोरलेल्या युनिटचा मोठा भाग बिलातल्या महागड्या दराने भरावा लागतो आणि ही किंमत बहुधा तोच मोजतो, जो काटकसरीने वीज वापरत आला आहे.

याहून गंभीर बाब पुराव्याच्या ओझ्याची आहे. अनधिकृत साधनाने वीज घेतली जात असल्याचे सिद्ध झाले, तर उलट शाबित होईपर्यंत ती त्या ग्राहकानेच अप्रामाणिकपणे घेतली असे गृहीत धरावे, असे कलम १३५ सांगते. शेजाऱ्याने तुमच्या मीटरपेटीत तुमच्या नकळत काही उद्योग केला असेल, तर संशयाची सुई आधी तुमच्याकडे वळू शकते. म्हणूनच खटकणारी गोष्ट दिसताच कंपनीला लेखी कळवणे आणि पोच घेणे हे स्वतःच्या बचावासाठीही आवश्यक आहे.

येथे भल्या माणसांना एक इशारा द्यावासा वाटतो. शेजाऱ्याची वीज थकबाकीमुळे तोडली गेली म्हणून दयेपोटी आपल्या घरातून वायर देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल मला आदर आहे. परंतु मंजूर जागेऐवजी अन्य जागेसाठी वीज वापरणे हा कलम १२६ नुसार अनधिकृत वापर आहे आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. अशी मदत करायचीच असेल तर त्याचे बिल भरण्यास हातभार लावणे अधिक सुरक्षित आहे.

माझी मागणी मोजकी आहे. कलम १३५ मध्ये ग्राहकाच्या वायरिंगमधून त्याच्या संमतीवाचून वीज घेणे असा स्वतंत्र खंड जोडावा, त्या ग्राहकाच्या तक्रारीवर कंपनीने ठरावीक मुदतीत जागेची पाहणी करून पंचनामा करणे सक्तीचे करावे, आणि दंड असो वा तडजोडीची रक्कम, त्यातून आधी पीडित ग्राहकाने भरलेले जादा बिल परत द्यावे. काही जण म्हणतील की शेजाऱ्यांच्या भांडणात असे कलम सूड उगवण्यासाठी वापरले जाईल. ही भीती मला निराधार वाटत नाही, आणि म्हणूनच पंचनामा तटस्थ तंत्रज्ञाने करावा आणि पहिल्या छोट्या चोरीसाठी कैदेऐवजी तिप्पट भरपाईवर भर असावा, असे मी सुचवतो.

कायदा बदलेपर्यंत ज्यांना शंका आहे त्यांनी घरातील सर्व उपकरणे बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहावा आणि नंतर मेन स्विचही बंद करून पुन्हा पाहावा. मेन बंद असताना दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन यांच्यामध्ये कोठेतरी वीज वळते आहे. हे गळतीमुळे किंवा जुन्या इमारतीत वेगवेगळ्या घरांच्या न्यूट्रल (वीज परत नेणाऱ्या) वायरी एकमेकांत मिसळल्यामुळेही होऊ शकते, त्यामुळे कोणावरही आरोप करण्याआधी परवानाधारक वीज ठेकेदाराकडून लेखी तपासणी अहवाल घ्यावा. जोड सापडला तर तो स्वतः कापू नये, कारण त्यात जिवाला धोका आहे आणि पुरावाही नष्ट होतो. छायाचित्रे काढावीत, मागील वर्षभराची बिले जमवावीत, कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात एकाच मजकुराचा अर्ज देऊन दोन्हींची पोच घ्यावी, आणि जादा भरलेल्या रकमेच्या वसुलीसाठी व मनाई हुकुमासाठी दिवाणी न्यायालयात दावा करण्याबाबत वकिलांचा सल्ला घ्यावा.