चार हजार फुटांचा प्लॉट आणि मागची सांदवाडी

वर वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्याचा फोटो, खाली सरळ रस्त्यांच्या पुनर्वसित गावठाणाचा फोटो आणि मजकूर असा: 'सरकारने आयती कॉलनी दिली. चार हजार फुटांचा प्लॉट फुकट, अठरा सुविधा, वर मोबदला. तरी हे लोक पाणी अंगणात येईपर्यंत जुन्या गावात बसून राहिले आणि पैसा गाड्या-दारूत उडवला.' मला हा मेसेज चार ग्रुपवर आला. एका ग्रुपवर आमच्या मामाजींनीच टाकला. मी अशाच एका गावठाणात राहतो, म्हणून लिहितो.

आयती कॉलनी कुठली? मिळाला तो प्लॉट, घर नाही. जुन्या घराच्या मातीच्या भिंती, सागाची मयाल आणि कवेलू यांची किंमत धरून जो पैसा हाती आला, त्यात विटा, सिमेंट आणि लोखंडाचं घर उभं करायचं होतं. आमच्या ओळीत दोन घरांना अजून प्लास्टर नाही.

चार हजार फूट हा आकडा हवेतला नाही. पाच माणसांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. पण भूमिहीनाला १८५, निम्मं. वैनगंगेच्या काठावर भूमिहीन म्हणजे बहुतेक ढिवर. नदीत मासे आणि उन्हाळ्यात रेतीवर डांगरवाडी, म्हणजे खरबुजाची वाडी, यावर त्यांचं घर चाले. रेतीचा सातबारा नसतो. सातबारा नाही, तर मोबदलाही नाही.

आता फुकटचं बघू. जुन्या घरामागे आमची सांदवाडी होती. तिथं बैलांचा कोठा, तणसाचा ढीग, शेणखताचा खड्डा आणि वांगी-वालाचे वेल. आबादीच्या बाहेर पडलं की चराई आणि तळं. विदर्भात मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, १९५१ साली संपली, पण गावाचे हक्क कागदावर राहिले. गुरं कुठं चारायची, जळण आणि लिंपायची माती कुठून आणायची हे निस्तारपत्रकात; वहिवाटीच्या वाटा, ओलिताचं पाणी, मासेमारी वाजिब-उल-अर्जमध्ये. १९६६ च्या महसूल अधिनियमातही त्यांना जागा आहे. प्लॉट मोजणाऱ्याच्या टेपला हे लागत नाही. आमचं नवं गावठाण दुसऱ्या गावाच्या शिवारात बसवलं. पहिल्याच पावसाळ्यात त्या गावानं आमची गुरं कोंडवाड्यात टाकली. त्यांची तरी काय चूक? त्यांच्याच गुरांना चराई पुरत नव्हती. बैल विकायच्या दिवशी आजी म्हणाली, "अंगणात फटफटी मावते, बैल नाई मावत." आम्ही बैल विकले. वर्षभरात शेणखतही विकत आणायला लागलो.

अठरा सुविधा कागदावर आहेत, हे खरं. शाळा, पाणी, समाजमंदिर, अंतर्गत रस्ते, गटार, वीज, स्मशानभूमी, जोडरस्ता वगैरे. प्रश्न क्रमाचा आहे. आमच्याकडे पाण्याची टाकी आधी झाली आणि नळाला पाणी फार उशिरा आलं. मधल्या काळात बायकांनी शेजारच्या गावच्या विहिरीवर बोलणी खाल्ली. रस्ते मात्र चांगले, ते नाकारत नाही. जुन्या गावात पावसाळ्यात बाळंतीण खाटेवर न्यावी लागे, आता ॲम्ब्युलन्स दारात येते.

'बसून राहिले' हा आरोप मला सगळ्यात जास्त बोचतो. धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झालं. पाणी टप्प्याटप्प्यानं चढवलं. वर्षानुवर्षं वावर कोरडं होतं, धान येत होतं. पोट भरणारं वावर सोडून, नळ नसलेल्या प्लॉटवर जाऊन कोण बसेल? शिवाय लाभार्थ्यांच्या यादीची तारीख गोठली आणि पोरं वाढत राहिली. तेव्हा निकरवर फिरणाऱ्या पोरांची लग्नं झाली, घरात तीन चुली झाल्या, प्लॉट एकच. 'वाढीव कुटुंब' हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे.

मोबदल्याचं म्हणाल, तर १८९४ च्या भूसंपादन कायद्यात भाव धरत तो कलम ४ च्या, म्हणजे संपादनाच्या पहिल्या, अधिसूचनेच्या तारखेचा. पैसे हाती पडले तेव्हा शेकडो कुटुंबं एकदमच वावर शोधत होती आणि आसपासचे भाव पार चढले होते. पर्यायी जमीन हवी तर मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम मुदतीत सरकारकडे भरा, ही पुनर्वसन कायद्यातली अट. ती भरून घर कशानं बांधायचं? वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जायचं तर पैसे 'निषेध नोंदवून' घ्यावे लागत. माझ्या आजोबांनी नुसता अंगठा दिला. तो एक शब्द लिहायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. २०१३ साली सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज आलं. सगळं आधीच दिलं होतं, तर पंचवीस वर्षांनी ते कशाला लागलं?

गाड्या घेतल्या, हो. मीही घेतली. उरलेलं वावर आठ किलोमीटरवर आहे आणि बैल नाहीत. दारू पिणारे प्यायले. ते धरण नसलेल्या गावातही पितात.

मामाजी दर उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या ढिवराकडून डांगराचं पोतं भरून न्यायचे. परवा फोनवर विचारत होते, "काहून जी, त्यानं वाडी लावणं बंद केलं का?" त्यांना हेच पाठवतो आहे.