१ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर, पिरेयसहून आलेल्या घुबडाच्या नाण्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला, आज सकाळी परत वाचला आणि मग लिहायला बसलो. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताईंचे बाबा मर्चंट नेव्हीत होते, १९८३ साली त्यांची बोट ग्रीसच्या पिरेयस बंदरात लागलेली असताना त्यांनी तिथल्या एका माणसाकडून प्राचीन अथेन्सचं म्हणून घुबडवालं चांदीचं नाणं घेतलं आणि ४० वर्षं कपाटात जपलं. ताई ते मागच्या आठवड्यात आमच्या दुकानात तपासायला घेऊन आल्या, मी नकली आहे म्हणून सांगितलं. त्यांची तक्रार अशी की दहा मिनिटं बघून ५०० रुपये घेतले, कागद दिला नाही, त्यांच्या सराफाने तर चांदी खरी आहे सांगितलंय, आणि आमच्यासारखे लोक आधी नकली म्हणतात आणि मग स्वस्तात घ्यायला बघतात.

आधी माझं चुकलं ते. काउंटरवर दोन गिऱ्हाईकं उभी असताना मी मोठ्याने "हे ओतीव आहे" (म्हणजे साच्यात ओतून बनवलेलं, नकली) म्हणालो, तुमचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि तरी मी ग्रॅमचे आकडे सांगत बसलो. बाबांनी जपलेली वस्तू होती, आत बसवून शांतपणे सांगायला हवं होतं. मनापासून सॉरी. आणि कागदाचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, फी घेतली तर लेखी द्यायलाच पाहिजे.

पण नाण्याबद्दल जे बोललो ते मागे नाही घेता येणार.

तुमचे सराफ चुकलेले नाहीत. त्यांनी कसोटीवर घासून धातू बघितला, चांदी आहे म्हणाले, चांदी आहेच. आम्हीपण नाणं पाण्यात तोलून बघितलं, घनता १०.३ च्या आसपास आली, शुद्ध चांदीची १०.४९ असते म्हणजे थोडं तांबं मिसळलेली चांगली चांदी आहे. पण चांदी खरी आणि नाणं खरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. जर्मनीत बेकर म्हणून एक होता, १८३० मध्ये वारला, तो ग्रीक नाण्यांचे ठसे स्वतः कोरायचा आणि बऱ्याचदा खरीखुरी जुनी पण कमी किमतीची नाणी घेऊन त्यांच्यावरच ते ठसे मारायचा. म्हणजे धातू दोन हजार वर्षं जुना, तरी नाणं नकली! वर ती नाणी वंगण आणि लोखंडाच्या किसात घालून तो डबा घोडागाडीला बांधून फिरवायचा म्हणे, जुनी दिसावीत म्हणून. मोठमोठे संग्राहक फसले त्याच्याकडून.

आता तुमच्या नाण्याचं सांगतो, त्या दिवशी नीट सांगायचं राहिलं ते.

वजन १४.६ ग्रॅम भरलं. अथेन्सचं टेट्राड्रॅक्म म्हणजे ४ ड्रॅक्मांचं नाणं, ते १७.२ ग्रॅमच्या हिशोबाने पाडायचे आणि अथेन्सवाले वजनाच्या बाबतीत फार काटेकोर होते, चांगल्या अवस्थेतलं असेल तर १७ च्या जवळपासच भरतं. तुम्ही म्हणालात झिजलं असेल. झिजून अडीच ग्रॅम जायला आधी घुबडाची पिसं सपाट व्हायला हवीत, दुसऱ्या बाजूच्या अथेना देवीच्या शिरस्त्राणावरची ऑलिव्हची पानं पुसायला हवीत, आणि तुमच्या नाण्यावर पानं तिन्ही जागेवर आहेत, पिसंपण दिसतात. घरात कोणाकडे ग्रीसचं १ युरोचं नाणं असेल तर बघा, त्यावर हेच घुबड आहे. ते २३.२५ मिलिमीटरचं आणि ७.५ ग्रॅमचं, अस्सल जुनं नाणं आकाराने जवळपास तेवढंच पण वजनाला दुपटीहून जास्त, इतकं ते जाड असतं, हातात घेतलं की दगडासारखं लागतं.

दुसरं म्हणजे कड. जुनी नाणी हाताने पाडायची, खाली ऐरणीत एक ठसा, वर चांदीची गोळी, त्यावर दुसरा ठसा धरून हातोडा. त्या दाबाने चांदी बाहेर पसरते, कडेला बारीक चिरा जातात, गोलाई वाकडीतिकडी होते, अथेनाचा तुरा तर कित्येकदा नाण्याबाहेरच जातो. तुमच्या नाण्याच्या कडेने पूर्ण गोल एक रेघ फिरलीय आणि त्यावर कानस मारल्याच्या खुणा आहेत, ही साच्याच्या दोन अर्ध्यांची सांध. लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, घुबडाच्या आजूबाजूला सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसले, ते ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे. ठोकलेल्या नाण्यात असे गोल खड्डे येत नाहीत, जमिनीत राहून गंजलं तर खड्डे पडतात पण ते वेडेवाकडे असतात. खोबणीतला काळा रंग मी ओल्या कापसाने पुसला तर कापूस काळा झाला, तुमच्यासमोरच, म्हणजे तो जुनं दिसावं म्हणून वरून लावलेला रंग.

आणि ज्यामुळे मला खात्री झाली ते सांगतो. घुबडाच्या शेपटीखाली एक तिरका ओरखडा आहे ना, तसाच, त्याच जागी, त्याच लांबीचा ओरखडा असलेली अजून दोन घुबडं माझ्याकडच्या फोटोंमध्ये आहेत. एका ठशातून हजारो नाणी पडतात, चित्र सारखं असणारच, पण नाणं पाडून झाल्यावर वापरात पडलेला ओरखडा तीन नाण्यांवर सारखा कसा येईल? एका मूळ नाण्याचा साचा घेतला की त्याचे ओरखडेपण साच्यात उतरतात. हे फोटो त्या दिवशी दाखवले असते तर बहुतेक हा रिव्ह्यू आला नसता.

चुंबकाला चिकटलं नाही म्हणून खरं, हे तुम्ही लिहिलंय आणि बरेच जण तसंच समजतात. पितळ पण चिकटत नाही, शिसं पण नाही. चुंबकाने फक्त लोखंडासारख्या चिकटणाऱ्या धातूचं नकली पकडलं जातं, तेवढाच त्याचा उपयोग.

बाबा फसले याचं वाईट वाटून घेऊ नका, ही फसवणूक त्या बंदराइतकीच जुनी आहे. अथेन्समध्ये इ.स.पू. ३७५ सालचा एक कायदा आहे, दगडावर कोरलेला, १९७० मध्ये तिथल्या जुन्या बाजारात, अगोरात, उत्खननात सापडला. त्यात लिहिलंय की सरकारी पारख्याने रोज बाजारात सराफांच्या पेढ्यांजवळ बसायचं, आत तांबं किंवा शिसं आणि वरून चांदीचा मुलामा असेल तर नाणं तिथल्या तिथे कापायचं आणि देवांच्या मातेला अर्पण करायचं. पारखी जागेवर बसला नाही तर त्याला ५० फटके. आणि पिरेयसमध्येही जहाजवाल्यांसाठी, व्यापाऱ्यांसाठी वेगळा पारखी नेमायचा असं त्याच कायद्यात आहे. मला हे वाचलं की खरंच भारी वाटतं, तुमच्या बाबांच्या बोटीसारख्या बोटी तिथे तेव्हापण लागत होत्या आणि खलाश्यांना नकली नाणी तेव्हापण मिळत होती.

स्वस्तात घ्यायचा आरोप मात्र मनाला लागला ताई. आठवून बघा, मी भाव बोललोच नाही. तुम्ही विचारलंत "तुम्ही किती द्याल" तेव्हा मी म्हणालो आम्ही हे घेणार नाही, कारण जे आम्ही नकली म्हणतो ते दुकानात ठेवतच नाही, वडिलांच्या काळापासून हाच नियम आहे. आणि दहा मिनिटांचं म्हणाल तर सगळीच नाणी दहा मिनिटांत होत नाहीत, ठोकून बनवलेलं चांगलं नकली आलं तर आठवडा जातो, कधी मी सरळ सांगतो की मला जमत नाही, दुसऱ्याला दाखवा. तुमचं ओतीव होतं म्हणून लवकर कळलं.

आता पुढचं. वजन, घनता, कडेचे आणि ओरखड्याचे मोठे फोटो, शेजारी ती दोन जुळी नाणी, असा लेखी रिपोर्ट तयार करून ठेवलाय, वेगळे पैसे नाहीत. तो घेऊन कुठल्याही दुसऱ्या जाणकाराला दाखवा, तो वेगळं म्हणाला तर त्याचं म्हणणं ऐकायची माझी तयारी आहे आणि ५०० रुपये परत. दुपारी २ ते ४ सोडून कधीही या. बाबांना जिने चढवत नसतील तर फोन करा, मी खाली येतो, शेजारी बसायला जागा आहे, चहा घेऊ. तो विकणारा माणूस कोण होता, बंदरावर अजून काय काय विकत होता, हे त्यांच्याकडून ऐकायचंय मला.