ट्रकनिर्मात्याचा आक्षेप रास्तच

अमेरिकेतील डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर ऑरोरा या स्वयंचलित ट्रकांचे तंत्रज्ञान बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये चालकाविना मालवाहतूक सुरू केली, याचे आपल्या लेखातील स्वागत पटते. मात्र ट्रकमधील काही भाग अजून नमुना अवस्थेतले असल्याने, पॅकार या ट्रकनिर्मात्याच्या विनंतीवरून काही आठवड्यांतच चालकाच्या आसनावर पुन्हा निरीक्षक बसवावा लागला, हेही त्यात यायला हवे होते. महामार्गाच्या वेगातला सुमारे ३६ टनांचा भरलेला ट्रक थांबायला १०० मीटरहून अधिक अंतर घेतो. त्यामुळे लायडारची, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या संवेदकाची, नजर दूरवर पोहोचणे गरजेचे आहे, पण तेवढेच पुरेसे नाही. ब्रेक किंवा स्टिअरिंगची एक यंत्रणा ऐनवेळी निकामी झाली, तरी स्वतंत्र वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेने ट्रक सुखरूप कडेला नेऊन उभा केला पाहिजे. ही तरतूद मूळ वाहनाच्या रचनेतच करावी लागते, म्हणून पॅकारचा आग्रह मला अडथळा वाटत नाही.