कलम 23 आठवते, मग कलम 26 का आठवत नाही?

सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालापासून कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकांच्या बोलण्यात टीईटी, म्हणजेच शिक्षक पात्रता परीक्षेखेरीज दुसरा विषय नाही. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना सूट आहे, पण ती उत्तीर्ण झाल्याशिवाय पदोन्नती नाही. इतकी वर्षे शिकवल्यावर पुन्हा परीक्षा देणे अनेकांना अपमानास्पद वाटते. मला मात्र ही अपेक्षा रास्त वाटते. (याच परीक्षेच्या निकालांतील गैरव्यवहार 2021 मध्ये उघडकीस आला होता, एवढे परीक्षा घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.)

माझा आक्षेप वेगळा आहे. शिक्षकाच्या पात्रतेची अट शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 मध्ये आहे. त्याच कायद्याचे कलम 26 सांगते की, कोणत्याही शासकीय किंवा अनुदानित शाळेत रिक्त पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. हे प्रमाण जिल्ह्याचे नव्हे, शाळेचे आहे. म्हणजे शाहूवाडी किंवा गगनबावड्यातील द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही, तर निम्मी पदे रिक्त होऊन तिथे कायद्याचा भंग होतो. त्या भंगासाठी कोणाची पदोन्नती अडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यातून सुटण्याचा एक सोपा मार्ग शासनाच्या हाती असतो, तो म्हणजे मंजूर पदच काढून टाकणे. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (म्हणजे पटानुसार शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या) निकषांनुसार सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असेल, तर त्या गटाला एकही शिक्षक मंजूर होत नाही. पद नाही म्हणजे ते रिक्तही नाही, आणि कागद स्वच्छ. वस्तुतः याच वर्गांसाठी गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा, असे कायद्याची अनुसूची सांगते. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात पट कमी असतो, कारण वाड्याच लहान आहेत. तिथल्या सातवीतल्या मुलीला पुढच्या गावच्या शाळेत पाठवा असे म्हणणाऱ्यांनी जुलै महिन्यात तो रस्ता एकदा चालून पाहावा.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. आज पालक मुलांना पाठवतात. शिक्षक न पाठवणाऱ्याला दंड कोणी करायचा?

शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना माझी विनंती आहे की, पुढच्या बैठकीत शाळेची संचमान्यता मागून घ्यावी, मंजूर आणि कार्यरत पदे इतिवृत्तात नोंदवावीत, आणि कलम 26 चा उल्लेख करून ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. त्या पत्राची पोच घेण्यास विसरू नये.