गिअर चोरीला गेलाय

“काका, तुमच्या गाडीचा गिअर चोरीला गेलाय.”

गेल्या रविवारी दुपारी बारा वाजता, घोडबंदर रोडवरच्या एका लग्नाच्या हॉलच्या कमानीखाली, मागे आठ-दहा गाड्यांचे भोंगे चालू असताना मला हे सांगण्यात आलं. सांगणारा मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा. काळं जाकीट, कानात वॉकीटॉकीची वायर, हातात माझ्या गाडीची किल्ली. मस्करी करत नव्हता, चेहऱ्यावर खरी काळजी होती. बिचाऱ्याने पुढच्या सीटखाली हात घालून पाहिला होता, पायाशी बॅटरी मारून पाहिली होती. तिथे त्याला लिमलेटच्या गोळीचा एक कागद आणि आमच्या हिचं तीन वर्षांपूर्वी हरवलेलं जोडवं मिळालं. गिअर मिळाला नाही.

“मी बसलो तेव्हापासूनच नव्हता हां,” तो म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत त्याने पार्किंगच्या चिठ्ठीवर नोंद केली. तिथे आधीच ‘ओरखडे ४, डेंट २’ लिहिलेलं होतं. त्याखाली आलं, ‘गिअर नाही’.

खुलासा करतो. माझी गाडी प्रीमिअर पद्मिनी आहे. १९९२ची, रंग सायीसारखा, नंबर एमएच-०४चा. तिला हँडगिअर आहे. म्हणजे दांडी स्टिअरिंगच्याच दांड्याला लावलेली. मी ती दाखवली तेव्हा तो म्हणाला, “हे वायपर नाही का?”

मी म्हटलं, अरे बाबा, मीच लावतो गाडी. तर म्हणे अलाऊड नाही. आत फक्त त्यांच्याच माणसांनी गाडी न्यायची, पॉलिसी आहे. मग मी त्याला भर कमानीत शिकवायला बसलो. क्लच कुठे लागतो ते सांगितलं. तिसरा गिअर शोधायचा नसतो, डाळीत रवी फिरवावी तशी दांडी जरा फिरवली की तो आपणहून सापडतो हे सांगितलं. चोकचं बटण दाखवलं. त्याने ते ओढलं आणि हातात आलं असं समजून घाबरून परत आत ढकललं. मग पोराने अॅक्सिलरेटर दाबला. एकदा नाही, पंपाने सायकलमध्ये हवा भरतात तसा दहा-बारा वेळा. कार्बोरेटरवाल्या गाडीला हे असं केलं की काय होतं ते ज्यांच्याकडे ही गाडी होती त्यांना सांगायला नको. पेट्रोलचा वास सुटला. गाडी ओव्हर झाली, म्हणजे इंजिनात नको तितकं पेट्रोल भरलं. स्टार्टर नुसता कण्हायला लागला.

“वासही येतोय,” असं म्हणून तो चिठ्ठीवर आणखी काहीतरी लिहायला लागला.

आणि तेव्हाच मागच्या पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीतून मुलाचे मामा उतरले.

इथे नातं सांगायला हवं, नाहीतर मी गप्प का बसलो ते कळणार नाही. लग्न हिच्या चुलतबहिणीच्या मुलीचं. म्हणजे आम्ही मुलीकडचे. आणि ते मुलाचे मामा, म्हणजे त्या दिवशी दुपारी बारा अडतीसच्या मुहूर्तापर्यंत तरी ठाणे जिल्ह्यातला सर्वांत वरचा माणूस. ही खिडकीतून मला पुटपुटली, “काही बोलू नका हं, मुलाकडचे आहेत.” बत्तीस वर्षांत हिने मला दिलेल्या सल्ल्यांपैकी हा सर्वांत महागात पडला.

मामांनी फेटा सावरला, दोन पावलं मागे जाऊन गाडीकडे पाहिलं आणि हंबरडा फोडावा तसे म्हणाले, “अरेरेरेरे! पद्मिनी!”

मग बाजारात बैल बघतात तसा त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. “पाहुणे, माझी पहिली गाडी! हीच! हाच रंग!” दोन क्षण थांबून म्हणाले, “फक्त आमची निळी होती.”

मी हसलो. मागे भोंगे.

“कितीची?”

“ब्याण्णव.”

“मग ही नव्हे. आमची डुक्कर फियाट. गोल पाठीची. वडिलांनी घेतलेली. अकरा माणसं बसून तुळजापूरला गेलोय आम्ही, अकरा! काकू डिकीत.”

“डिकीत?”

“झाकण उघडं ठेवून. मागे बघत यायची, तिला आवडायचं.” मामांचा आवाज ओला झाला. “आता ते लोखंड नाही राहिलं हो. हा पत्रा बघा,” असं म्हणत त्यांनी दारावर बुक्की मारली. दार आवाजाने उघडलं. ते त्याच्या सवयीप्रमाणे उघडतं. “इटालियन माल आहे शेवटी!”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण माझा एक आजार आहे. मी म्हटलं, “डिझाइन इटलीचं, पण गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. फियाट ११०० डिलाइट ती, चौऱ्याहत्तरला तिचं नाव पद्मिनी केलं.”

“तेच म्हणतो मी,” मामा म्हणाले, “इटलीमधलं कुर्ला.”

मागून एक जण ओरडला, “अंकल, गाडी घ्या ना पुढे!” मामांनी मागे वळून त्याला हाताने ‘थांब’ केलं, जणू रस्ता त्यांच्या भाच्याला आंदणच मिळाला होता. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, “पण मध्ये पेपरात आलं होतं ना? गेल्या सगळ्या?”

“टॅक्सी गेल्या. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३च्या ऑक्टोबरात नोंदली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती थांबली. ही खाजगी आहे.”

“अच्छा. म्हणजे हिचं अजून व्हायचंय.”

“काय व्हायचंय?”

“नाही, म्हणजे… छान ठेवलीय.”

छान ठेवलीय! हे दोन शब्द म्हणायला काही लागत नाही. ठेवायला काय लागतं ते मी सांगतो. पंधरा वर्षं झाली की खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी ऑगस्ट २०२५पासून दहा हजार. शिवाय पर्यावरण कर, तो का, तर मी पर्यावरणाचं वाटोळं करतो म्हणून. महिन्यातून चार वेळा, नौपाडा ते राम मारुती रोड. मग ती नवीन नंबरप्लेट, एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची. होलोग्रामवाली. जुन्या क्रोमच्या बंपरवर ती अशी दिसते की नव्वदीच्या आजीला नातसुनेने गॉगल लावलाय. आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल. माझ्या गाडीच्या रबरी नळ्या ज्या काळात बनल्या त्या काळात इथेनॉल माणसं पीत. नळ्यांना ते सोसत नाही, फुगतात, चिरतात. वर्षात दोनदा बदलल्या. मेकॅनिक प्रत्येक वेळी नळी हातात धरून माझ्याकडे असा बघतो की जणू मीच काही खायला घातलंय तिला.

“व्हिंटेजमध्ये का नाही करत?” मामांनी विचारलंच. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. व्हिंटेजला पन्नास वर्षं पूर्ण लागतात हो. तेव्हा नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, मान मिळतो. आमचं वय मधलं. भंगार म्हणायला लोक तयार, वारसा म्हणायला सरकार तयार नाही. या वयाचा अनुभव मला गाडीशिवायही आहे.

तर गाडी मुळात माझी नाही, वडिलांची. ब्याण्णव साली सगळं ठाणं मारुती घेत होतं. तिची पहिली किल्ली डिसेंबर १९८३मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, त्यालाही आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती. वडिलांच्याच बँकेतल्या एका साहेबांनी लाल मारुती घेतली होती. पण वडिलांनी हट्टाने फियाट घेतली, कारण ते तरुण कारकून असताना त्यांचे पहिले साहेब फियाटमधून उतरायचे. माणूस गाडी घेतो ती बहुतेक वेळा वीस वर्षांपूर्वीच घेतलेली असते, पैसे फक्त नंतर भरतो. “मारुती म्हणजे डालड्याचा डबा,” असं वडील म्हणत. हे त्यांनी कसारा घाटातही म्हटलं, जेव्हा आम्ही बॉनेट उघडून रेडिएटर थंड व्हायची वाट बघत दगडावर बसलो होतो आणि ती लाल मारुती हॉर्न देत, हात करत, वर इगतपुरीकडे गेली. वडिलांनीही हात केला. मग रेडिएटरचं झाकण फडक्याने हळूच फिरवत म्हणाले, “डबाच तो.”

मी गाडी शिकलो येऊरच्या चढावर. उपवनावरून वर जायचं, मध्ये थांबायचं, आणि मागच्या चाकाला वडिलांनी लावलेला दगड न हलवता पुन्हा सुटायचं. दगड हलला की परत खालून. अकरा रविवार दगड हलला. आज मी चढावर गाडी उभी करून शांतपणे चहा पिऊ शकतो, पण कमानीतल्या पोराला हे सांगून उपयोग नव्हता. त्याला फक्त ऑटोमॅटिक गाडीतलं ‘डी’ आणि ‘आर’ येत होतं.

मामांनी आता माझा हात दोन्ही हातांत धरला होता. डोळ्यांत खरोखर पाणी. “पाहुणे, एक सांगतो, राग मानू नका. ही गाडी विकू नका. काहीही झालं तरी विकू नका. मला वचन द्या.”

मी वचन दिलं. काय करणार, मुलाकडचे.

त्यांनी डोळे टिपले, फेटा नीट केला आणि माझा हात न सोडता त्या पोराला म्हणाले, “ए, ही मागे लाव. जनरेटरच्या बाजूला. ड्रोनमध्ये येतीये.”

मग ढकलायची वेळ आली. मी दार उघडं ठेवून एका हाताने स्टिअरिंग धरलं. जाकीटवाल्या पोराने मागून एक हात लावला, दुसऱ्यात वॉकीटॉकी. मामा म्हणाले, “मी लावला असता हात, पण स्लिप डिस्क आहे,” आणि अकरा माणसांची तुळजापूर यात्रा पाठीवर वाहिलेला तो माणूस कडेला सरकून मोबाइलवर फोटो काढायला लागला. शेवटी केटरिंगची तीन पोरं आली, हाताला बेसन लागलेली. सनई चालू, आम्ही ढकलतोय, आणि आमची ही जरीची साडी सावरत शेजारून अशी चालतेय की ही गाडी आणि हा माणूस दोन्ही तिच्या ओळखीचे नाहीत.

लग्न छान झालं म्हणतात. मला अक्षता मिळाल्या, मंगलाष्टकं शेवटची दोन मिळाली. जेवणात पनीर फार होतं.

तीन वाजता मागे गेलो तर जनरेटरची गरम हवा थेट माझ्या गाडीच्या तोंडावर येत होती, डिकीला कांद्याचं पोतं टेकवलेलं होतं आणि बॉनेटवर ओळीने भांडी पुसायची ओली फडकी वाळत घातली होती. सात. मी मोजली. रागावलो असतो, पण केटरिंगची ती पोरंच त्या सबंध लग्नात माझ्या गाडीला हात लावलेली एकमेव माणसं होती. त्यातला एक म्हणाला, “काका, तुमचं बॉनेट मस्त तापतं. लगेच वाळतात.”

किल्ली फिरवली. काही नाही. इंजिन तापलं की टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल जातच नाही. पूर्वी ठाण्याच्या कुठल्याही नाक्यावर उन्हाळ्यात एखादी तरी फियाट बॉनेट उघडून उभी असायची, त्याचं कारण बहुधा हेच. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. मी बॉनेट उघडलं, त्या सातांतलं सर्वांत ओलं फडकं उचललं, पंपावर गुंडाळलं, वर पाण्याच्या बाटलीतून थोडी धार सोडली आणि कांद्याच्या पोत्यावर बसून वीस मिनिटं मेट्रोच्या खांबांकडे बघत बसलो. मग गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना जाकीटवाल्याने चिठ्ठी परत मागितली आणि खात्री करून घेतली, “गिअर मिळाला ना काका?”

संध्याकाळी लग्नाच्या ग्रुपवर मामांचा फोटो आला. फेटा बांधलेले मामा, कोपर माझ्या गाडीच्या टपावर, नजर दूर कुठेतरी तुळजापूरकडे. खाली लिहिलंय, ‘माझी पहिली गाडी. जुनं ते सोनं.’ कोपऱ्यात स्टिअरिंग धरून वाकलेला, घामाघूम असा मी अर्धा आलोय. चौसष्ट लोकांनी अंगठे दिलेत. एका भाचीने विचारलंय, ‘ड्रायव्हरपण जुनाच का?’ त्यावर मामांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे टाकलेत. आमच्या हिने बदाम दिलाय.

केटररचा निरोप आला होता, सहाच फडकी भरली म्हणून. मी काही उत्तर दिलेलं नाही. फडकं अजून पंपावर आहे.