‘एमडीची बहीण’ म्हणे!

सांगलीतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: अतिचंचलतेचा आजार (एडीएचडी) असलेल्या मुलांना दिली जाणारी मिथाइलफेनिडेटची गोळी म्हणजे एमडीची (मेफेड्रोन या अमली पदार्थाची) बहीण, उतावळ्या पोराला उत्तेजक देणं म्हणजे आगीत तेल, पोर गप्प होतं ते गुंगीनं आणि पुढं व्यसन ठरलेलं. 2024 साली कुपवाडात मेफेड्रोनचा साठा सापडल्यापासून आपल्याकडं अशा शब्दांचा धसका आहे, ते कळतं. मेसेज मात्र चुकीचा आहे.

आधी ते तेल. तोंडावर आलेलं उत्तर आवरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं ही कामं मेंदूचा पुढचा भाग करतो. त्याला डोपामीन आणि नॉरअॅड्रेनलीन ही मेंदूतली द्रव्यं बेतानं लागतात. कमी पडलं तरी आवर सुटतो, अती झालं तरी सुटतो. गोळी ही द्रव्यं लगेच परत शोषली जाऊ देत नाही. जोर मिळतो तो लगामाला. 1937 साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी 30 मुलांना बेन्झेड्रिन हे अॅम्फेटामाइन जातीचं उत्तेजक दिलं, तेव्हा जवळपास निम्म्यांची अभ्यासातली प्रगती थक्क करणारी होती.

गुंगीचं म्हणाल, तर या गोळीची नेहमीची तक्रार झोप उडण्याची! पोर अगदीच मलूल दिसलं तर बहुधा डोस जास्त होतोय, डॉक्टरांना सांगा.

गोळीची बाजू घेणारेही एक थाप मारतात: ‘लागू पडली, म्हणजे आजार होताच.’ 1978 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या अभ्यासात असा काही त्रास नसलेली मुलंही अॅम्फेटामाइननं शांत झाली, त्यांचं लक्ष सुधारलं. तेव्हा शेजारच्याची गोळी देऊन ‘बघू तरी’ करू नका.

राहिलं व्यसन. मेफेड्रोन डोपामीन आणि सेरोटोनिन एकदम बाहेर लोटतं. गिळलेल्या गोळीनं डोपामीन सावकाश चढतं, आणि व्यसन जडण्यात या वेगाचा मोठा वाटा असतो. तीच गोळी कुटून नाकानं ओढली तर धोका खरा आहे. म्हणूनच ती शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक मेडिकलवाल्यानं दोन वर्षं जपायची. लहानपणी उपचार घेतलेल्या मुलांचा पुढं मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात व्यसन वाढलेलं दिसलं नाही.

जे खरोखर सांगायला हवं ते मेसेजात नाहीच. भूक मरते, शाळेचा डबा भरलेला परत येतो, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो, काही मुलांची उंची जराशी मागं राहते. म्हणून पोटभर नाश्ता गोळीच्या आधी, आणि दर तपासणीला वजन, उंची, रक्तदाब लिहून घ्यायचा.