सोळा वर्कर लावा, सुखी व्हा

पोस्टग्रेस डेटाबेसला विचारलेली क्वेरी रेंगाळतेय? मग घोडं कुठे पेंड खातंय हे शोधत बसू नका. पोस्टग्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर' समोर, म्हणजे क्वेरीचं काम वाटून घेणाऱ्या मदतनीस प्रोसेस (वर्कर) जास्तीत जास्त किती यासमोर, बापुडवाणा 2 दिसेल. त्याचे 16 करा, रिलोड मारा.

आता क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा प्लॅनर सोळा वर्कर देईल असं वाटत असेल, तर तो मोठा चिकट. 8 एमबीच्या टेबलला तो एक वर्कर देतो आणि पुढचा हवा असेल तर टेबल तिप्पट मागतो: 24 एमबीला दोन, 72 ला तीन, 216 ला चार. या हिशेबाने सोळासाठी टेबल शंभर टीबीच्या वर न्यावं लागेल, आणि नेहमीच्या 8 केबीच्या ब्लॉकवर पोस्टग्रेसचं टेबल 32 टीबीलाच संपतं. तरी हरायचं नाही. ऑल्टर टेबल करून त्या टेबलवरच 'पॅरलल वर्कर्स' 16 लिहून टाका.

'मॅक्स पॅरलल वर्कर्स' मात्र 8 वरच राहू द्या. हे आठ जण अख्ख्या सर्व्हरचे सामाईक, पण तो विचार इतरांनी करावा. सकाळी रिपोर्टांची गर्दी झाली की क्वेरी खरोखर कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये 'वर्कर्स प्लॅन्ड 16, वर्कर्स लॉन्च्ड 0' अशी ओळ येईल. म्हणजे सोळा जणांसाठी आखलेला प्लॅन लीडर, म्हणजे क्वेरीची मूळ प्रोसेस, एकटा ओढतोय. ही ओळ वाचायची नसते.

मेमरीत तर हात मुळीच आखडू नका. वर्क मेम 256 एमबी ठेवा. ही मर्यादा क्वेरीला नसते. प्रत्येक प्रोसेसमधल्या प्रत्येक सॉर्टला वेगळी असते. चार वर्कर आणि लीडर मिळून एका सॉर्टला सव्वा जीबी, दोन सॉर्ट असले तर अडीच, आणि वीस जणांनी एकदम रिपोर्ट काढला की वीस लीडर आणि ते सामाईक आठ वर्कर मिळून 14 जीबी. मशीन 8 जीबीचं असेल तर लिनक्स एखादी प्रोसेस मारून हिशेब जुळवेल. मग पोस्टग्रेस खबरदारी म्हणून सगळीच कनेक्शनं तोडून रिकव्हरीला बसेल. तेवढ्यात चहा होतो.

बेरजा करताना प्रत्येक वर्कर आपापली अर्धवट बेरीज करून लीडरकडे मोजक्याच ओळी पाठवतो. हे फारच सरळ झालं. तिथे वेगवेगळ्या किमती तेवढ्या मोजणारं 'काउंट डिस्टिंक्ट' घाला. त्याची अर्धवट बेरीज होत नाही, त्यामुळे कोट्यवधी ओळी रांगेतून एकट्या लीडरच्या गळ्यात पडतील आणि वर्कर रांग रिकामी व्हायची वाट बघत बसतील.

एवढं करूनही प्लॅनमध्ये गॅदर, म्हणजे वर्करांच्या ओळी गोळा करणारी पायरी, दिसत नसेल, तर क्वेरीत तुमचं स्वतःचं एखादं फंक्शन असेल. काही न सांगता बनवलेलं फंक्शन 'पॅरलल अनसेफ', म्हणजे पॅरलल क्वेरीत चालवायला धोक्याचं, धरलं जातं आणि असं एकच पुरतं, सगळी क्वेरी एकट्याने चालते. त्याच्यावर बेधडक 'सेफ'चा शिक्का मारा. आत ते लॉग टेबलमध्ये इन्सर्ट करतं, हे कोणाला आठवतंय? टेस्टिंगचं टेबल 5 एमबीचं, तिथे पॅरलल प्लॅन सहसा बनतच नाही, त्यामुळे सगळ्या टेस्ट हिरव्यागार. पॅरलल ऑपरेशन चालू असताना इन्सर्ट करता येत नाही, ही एरर थेट प्रॉडक्शनवरच भेटेल.